निनावी वेगळं, गोपनीय वेगळं

बालगृहात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या समुपदेशकाला एक मुलगी हल्ली अधीक्षकांच्या खोलीवरून न जाता लांबचा वळसा घेताना दिसते. ‘काय झालं?’ विचारलं की ती आधी दाराकडे बघते. दारात काळजीवाहक उभी असते. त्या दिवशी घरी जाताना समुपदेशकाच्या मनात पहिला हिशेब येतो तो नोकरीचा. वर जुनी सहकारी सांगते, “पुरावा हातात आल्याशिवाय तोंड उघडू नकोस.”

सल्ला मायेचा असला तरी कायद्याच्या उलट आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी असलेल्या पोक्सो कायद्याचं कलम १९ पुरावा मागत नाही. लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची शंका आली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शोध घेणं हे त्यांचं काम. गप्प राहिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत. ‘खोटं ठरलं तर आपणच अडकू’ या भीतीलाही फारसा आधार नाही. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कलम २२ ची शिक्षा आहे ती बदनामी, खंडणी, धमकी अशा हेतूने रचलेल्या खोट्या तक्रारीला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण इथे आठवावं. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला.

सगळ्यात मोठा घोळ मात्र निनावी आणि गोपनीय या दोन शब्दांचा. निनावी म्हणजे नाव न सांगणं, गोपनीय म्हणजे सांगितलेलं नाव बाहेर न जाणं. १०९८ या बालमदत क्रमांकावर नाव न सांगताही फोन करता येतो. पण चार कर्मचाऱ्यांच्या बालगृहात फोन कोणी केला हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. तक्रारदाराच्या संरक्षणाचं म्हणाल तर, लोकसेवकांचा भ्रष्टाचार उघड करणाऱ्या जागल्यांसाठी संसदेने २०१४ मध्ये कायदा केला खरा, तो अंमलात काही आला नाही. तक्रारदारापेक्षा भक्कम कवच आहे ते मुलाच्या ओळखीला. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार ती उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कळकळीपोटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलीचा फोटो टाकणारी कार्यकर्ती स्वतःच कायदा मोडते.

मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या ‘बालकल्याण समितीला सांगितलं, संपलं’ हाही भाबडेपणाच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ पथकाने बिहारमधल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं आणि एप्रिल २०१८ मध्ये अहवाल सरकारकडे दिला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार त्यातून बाहेर आले; गुन्हा नोंदला गेला ३१ मे रोजी. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत तिथल्या बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता आणि जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारीही! ज्यांच्याकडे तक्रार न्यायची, तेच आरोपीच्या पिंजऱ्यात.

म्हणून दुसरं दार माहीत हवं. समितीच्याच कारभाराबद्दल तक्रार असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येते. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. मारहाण किंवा उपासमार असेल, तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ आहे. संस्थेच्या कर्मचाऱ्याने क्रूरता केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

आणि तक्रारीत लिहायचं काय? ‘मुलींचा छळ होतो’ या वाक्याने हाती काही लागत नाही. ‘मंगळवार, सायंकाळी सहा, डाव्या मनगटावर दोन वळ, विचारल्यावर दाराकडे पाहिलं’ ही नोंद उपयोगी पडते. मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत, आपले तर्क वेगळे. अर्ज हातोहात देऊन पोच घ्यावी. पोचेची प्रत संस्थेच्या कपाटात नको, ती घरी.