हात विसरत नाहीत, हीच तर अडचण

"बारा वर्षं वॉर्डात काढलीत, हात थोडेच विसरणार?" जबलपुरात गोलबाजारच्या कुठल्याही मराठी घरात चहाला बसा, मुलं मोठी झाली म्हणून पुन्हा ड्युटी धरणाऱ्या सिस्टर हेच म्हणतात. त्यांना नेमणारे डॉक्टरही. मान्य, हात विसरत नाहीत. दुखणं नेमकं तेच आहे.

एका उजळणी वर्गात पाहिलं. पंधरा वर्षांनी परतलेल्या ताईंनी रबरी हातावरची शीर पहिल्याच प्रयत्नात गाठली. नव्या मुली बघत राहिल्या. आणि लगेच, नकळत, ताईंनी डाव्या हातात टोपण धरून सुई त्यात परत खोचली! वापरलेल्या सुईला टोपण लावणं म्हणजे स्वतःच्या बोटात सुई घुसवण्याचा हमखास मार्ग. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती तशीच, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जाते.

छाती दाबण्याचंही तेच. १९९८ साली शिकलेली सिस्टर आधी श्वासमार्ग बघते, दोन श्वास देते, मग पंधरा दाब. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००५ मध्ये ते प्रमाण ३० दाबांना २ श्वास असं केलं आणि २०१० मध्ये क्रमच उलटवला: आधी छाती. आता मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात किमान ५ सेंटिमीटर खोल. हे वाचून डोक्याला कळतं, हाताला नाही. त्यासाठी पुतळ्यावर घाम गाळावा लागतो. इन्सुलिनचं तर विचारूच नका: १०० युनिटवालं इन्सुलिन लाल टोपणाच्या ४०च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट.

पेशंटच्या चेहऱ्यावरून "हा खालावतोय" हे ओळखणारी नजर मात्र जुनीच लागते. म्हणून तर या जुन्या सिस्टरना परत आणायचं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "मग पुन्हा जीएनएम करायचं?" नाही हो. पदविका कुठे जात नाही, मुदत संपते ती नोंदणीची. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे नूतनीकरणाला ५ वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण लागतं. आपल्याकडचं काम भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे.

"उजळणी म्हणजे कमीपणा." ब्रिटनमध्ये ३ वर्षांत ४५० तास काम झालं नसेल, तर अनुभवी नर्सलाही वर्ग किंवा परीक्षा चुकत नाही.

"नव्या पोरी ढिगाने मिळतात." मिळतात, पण शिकून? जबलपूर हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआयने तपासलेल्या ३०८ नर्सिंग कॉलेजांपैकी ६५ अयोग्य ठरली. २०२४ मध्ये तर तपासणाऱ्यांनाच लाचेच्या आरोपाखाली अटक झाली आणि फेरतपासणीची वेळ आली.

तेव्हा नेमणाऱ्यांनो, परतलेल्या सिस्टरला पहिले दोन आठवडे एकटीला नाइट लावू नका. आणि ताई, अर्ज करण्याआधी कपाटातलं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट काढून तारीख बघा.