रुतलेली गाडी आणि आपला हात

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टापूत शेकडो वाहने बर्फात अडकली. नातवंडांसह मनालीला निघालेल्या आपल्यापैकी कुणावरही असा प्रसंग येऊ शकतो. आपली गाडी सुखरूप असते, पुढची रुतलेली दिसते आणि मदतीला हात आपोआप पुढे होतो. होऊ द्यावा, मात्र साठी उलटलेल्यांनी गाडीला धक्का देऊ नये. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. त्यात एकाएकी जोर लावला की हृदयावर दुहेरी ताण पडतो. निसरड्या बर्फावर खुब्याचे हाड मोडण्याची भीती वेगळीच.

आपल्याजोगे काम निराळे आहे. त्या गाडीचे इंजिन उबेसाठी चालू असेल, तर सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले नाही ना, हे सोबतच्या तरुणाला पाहायला सांगा. ते बुजले की कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला रंग नाही, गंधही नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतील काहींचा घात याच वायूने केला असे मानले जाते. आतले कुणी डोके दुखते, मळमळते म्हणाले, तर इंजिन बंद करवून सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि ११२ वर कळवा.

मग त्या घरची लेकरे, आजी यांना आपल्या गाडीत बसवून थर्मासमधला चहा द्यावा. मद्य नको, त्याने उबेचा केवळ भास होतो. अशा तासाभरात जुळलेली ओळख पुढे दिवाळीच्या फोनपर्यंत टिकलेली आम्ही पाहिली आहे.