दुहेरी वलय तंतू-जाळे : एकट्या संगणकाची जोडणी

दोन परस्परविरुद्ध दिशांनी संदेश वाहणाऱ्या प्रकाशीय तंतूंच्या वलयांवर उभारलेल्या संगणक-जाळ्यास एकच संगणक कमी खर्चात व इतरांच्या दळणवळणास बाध न आणता जोडण्याची पद्धती. या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध जाळे म्हणजे ‘फायबर डिस्ट्रिब्यूटेड डेटा इंटरफेस’. ते एफडीडीआय या आद्याक्षरांनीच अधिक ओळखले जाते. अमेरिकन नॅशनल स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटच्या समितीने १९८०–९० या दशकात त्याची मानके तयार केली. माध्यमावरील प्रवेशाचे नियमन (१९८७), संकेतन (१९८८), तंतू व जोडण्या (१९९०) आणि स्थानक-व्यवस्थापन (१९९४) असे त्यांचे भाग क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाले.

या जाळ्याचा वेग सेकंदाला १० कोटी बिट असा होता. त्या काळी प्रचलित असलेल्या ईथरनेटचा वेग याच्या एकदशांश होता. प्रत्येक चार बिटांच्या गटाचे पाच बिटांच्या संकेतात रूपांतर करीत असल्याने तंतूतून प्रत्यक्षात सेकंदाला १२·५ कोटी संकेत जात. सु. १,३०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देणारे डायोड आणि ६२·५ मायक्रोमीटर गाभ्याचा बहुपथी तंतू वापरल्यास दोन स्थानकांमधील अंतर २ किमी.पर्यंत ठेवता येई. वलयातून एक टोकन सतत फिरत असे. ते ज्या स्थानकाच्या हाती येई त्यानेच संदेश पाठवावयाचा व ठराविक वेळेत टोकन पुढे सोडावयाचे, असा नियम होता.

सामान्य स्थितीत संदेश प्राथमिक वलयातून जात व दुय्यम वलय राखीव राही. कोठे तंतू तुटला किंवा एखादे स्थानक बंद पडले, तर दोषाच्या दोन्ही बाजूंची स्थानके प्राथमिक वलय दुय्यम वलयास जोडून घेत. दोन वलयांचे मिळून एकच लांब वलय होई व काम चालू राही. असे होऊ शकते हे गृहीत धरूनच दुहेरी वलयाची लांबी १०० किमी., म्हणजे तंतूची एकूण वाट २०० किमी. आणि स्थानकांची संख्या ५०० या मर्यादा घातलेल्या होत्या. मात्र ही सोय एका दोषापुरतीच होती. दोन ठिकाणी खंड पडल्यास वलयाचे दोन स्वतंत्र तुकडे होत आणि एका तुकड्यातील संगणकांना दुसऱ्यातील संगणक दिसेनासे होत.

एकट्या संगणकाच्या जोडणीचा खरा प्रश्न येथेच उद्‌भवतो. दुहेरी वलयात थेट बसणाऱ्या स्थानकाला ‘ए’ व ‘बी’ अशी दोन द्वारे, म्हणजे दोन प्रेषक व दोन ग्राही लागत. हे प्रकाशीय घटक महाग असत. खर्च सोसला तरी अडचण संपत नसे. कचेरीतील मेजावरचा संगणक सायंकाळी बंद केला जातो. असा संगणक मुख्य वलयावर असेल, तर तो बंद होताच वलय दुमडले जाई. दुसऱ्या खोलीतील आणखी कोणी आपला संगणक बंद केला की जाळ्याचे दोन तुकडे होत. यावर उपाय म्हणून प्रकाशीय बाह्यमार्ग स्विच वापरीत. वीज गेली की तो प्रकाशाला स्थानकाला वळसा घालून पुढे पाठवी. परंतु अशा वेळी संकेताचे पुनरुज्जीवन होत नसे. दोन स्थानकांमध्ये प्रकाशशक्तीची एकूण ११ डेसिबेलपर्यंत घट चालत असे. त्यांपैकी २·५ डेसिबेलपर्यंत घट एकट्या स्विचमध्ये होऊ शके. लागोपाठची काही स्थानके बंद पडली, तर पलीकडच्या स्थानकाला प्रकाश पुरेसा मिळत नसे.

म्हणून एकेरी जोडणीच्या स्थानकाची कल्पना मानकातच अंतर्भूत करण्यात आली. अशा स्थानकाला ‘एस’ हे एकच द्वार, म्हणजे एक प्रेषक व एक ग्राही असतो. ते वलयावर न बसता ‘कॉन्सेंट्रेटर’ या मध्यस्थ साधनाच्या ‘एम’ द्वारास जोडले जाते. कॉन्सेंट्रेटर मात्र स्वतः दोन द्वारांनी मुख्य वलयावर असतो. संगणकाकडे जाणाऱ्या केबलीत दोन तंतू असल्यामुळे तेथेही दोन वलये आहेत असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः एका तंतूतून प्राथमिक वलयातील संदेश संगणकाकडे जातात व दुसऱ्यातून परत येतात. वलय एकच असते, ते कॉन्सेंट्रेटरच्या प्रत्येक संगणकापर्यंत फेरी घालून येते. एखादा संगणक बंद झाला, की कॉन्सेंट्रेटर ते द्वार आतल्या आत वगळतो. वलयाची क्षणभर पुनर्जुळणी होते व टोकन पुन्हा फिरू लागते. मुख्य वलय दुमडले जात नाही.

कमी खर्चाचा मार्ग जाळ्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षितही ठरला, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय. त्याची किंमत संगणकाच्या वापरकर्त्याला द्यावी लागे. त्याची केबल तुटली वा कॉन्सेंट्रेटर बिघडला तर त्याला दुसरी वाट नसे. महत्त्वाच्या संगणकाला दोन द्वारे देऊन ती दोन निरनिराळ्या कॉन्सेंट्रेटरांना जोडीत. यात ‘बी’ द्वार कार्यरत राही व ‘ए’ द्वार राखीव असे. अर्थात ही जोडणी स्वस्त म्हणता येत नाही.

एकाच संगणकासाठी कॉन्सेंट्रेटर घेणे पुष्कळदा परवडत नसे. केवळ दोन संगणक जोडावयाचे असल्यास त्यांची ‘एस’ द्वारे एकमेकांस जोडून दोन स्थानकांचे वलय करता येई. ‘एस’ द्वार दुहेरी स्थानकाच्या ‘ए’ किंवा ‘बी’ द्वारास जोडणेही शक्य होते, परंतु व्यवस्थापनाच्या नियमांत अशी जोडणी अनिष्ट मानली आहे. कारण तीमुळे वलय कायमचे दुमडलेल्या स्थितीत राहते आणि पुढील दोष निभावून नेण्यास काही उरत नाही. दोन ‘एम’ द्वारे एकमेकांस जोडण्यास तर मनाई होती. चुकीची जोडणी टळावी म्हणून द्वारांच्या जोडखोबणींना निरनिराळ्या खाचा ठेवीत.

खर्च आणखी कमी करण्याचे प्रयत्न तंतूच्या बाबतीतही झाले. स्वस्त जोडखोबणी व ५०० मी. अंतर यांवर समाधान मानणारे एक मानक निघाले. त्याहून महत्त्वाचा ठरला तो शेवटच्या टप्प्यात तांब्याच्या पीळदार तारा वापरण्याचा मार्ग. क्रेसेंडो कम्युनिकेशन्स या कंपनीच्या उत्पादनांतून तो पुढे आला (ही कंपनी सिस्कोने १९९३ मध्ये विकत घेतली). १९९५ मध्ये त्याचे मानक झाले. पाचव्या वर्गाच्या तारेतून १०० मी.पर्यंत पूर्ण वेगाने संदेश पाठविता येत. विद्युत् दाबाच्या तीन पातळ्यांच्या संकेतनामुळे तारेतील मूळ कंप्रता ६२·५ मेगॅहर्ट्‌झऐवजी ३१·२५ मेगॅहर्ट्‌झवर येई, त्यामुळे तारेतून होणारे प्रारण आटोक्यात राही.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे संगणक ईथरनेटवरच ठेवून ते ईथरनेट सेतूमार्फत वलयास जोडणे. वेग अर्थातच ईथरनेटचा मिळे. शिवाय वलयावरील संदेश ४,५०० बाइटांपर्यंत, तर ईथरनेटवरील १,५१८ बाइटांपर्यंतच असू शकत असल्याने मोठे संदेश तोडावे लागत. पत्त्यातील बिटांचा क्रम दोन्ही जाळ्यांत उलटसुलट असल्यामुळे सेतूला तोही बदलावा लागे.

१९९५ मध्ये तितक्याच वेगाच्या ईथरनेटचे मानक झाले व त्याची साधने झपाट्याने स्वस्त झाली. त्यानंतर मेजावरच्या संगणकासाठी दुहेरी वलयाची जोडणी घेण्याचे कारण उरले नाही. मुख्य वाहिनी म्हणून ही जाळी काही वर्षे टिकली. विशेष म्हणजे या नव्या ईथरनेटच्या तंतूवरील व तांब्यावरील दोन्ही प्रमुख प्रकारांनी चारास पाच हे संकेतन, आणि तांब्याच्या प्रकाराने तीन पातळ्यांची पद्धतीही, या वलयाच्या मानकांतूनच उचललेली आहे.