पिशवीत काय आहे?

सकाळी साडेसात

डे-केअरमध्ये माझं पहिलं काम म्हणजे रिपोर्ट लावून घेणं. केमो आज द्यायची की आठवडाभर पुढे ढकलायची, हे बऱ्याचदा सकाळच्या सीबीसीवर, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीवर ठरतं. न्यूट्रोफिल्स पंधराशेच्या आणि प्लेटलेट्स लाखाच्या वर असल्या की साधारणपणे डॉक्टर पुढे जायला सांगतात. आज एका आजींच्या प्लेटलेट्स बासष्ट हजारांवर आल्या आहेत. मुलानं आकडा ऐकला आणि लगेच विचारलं, "सिस्टर, पपईच्या पानांचा रस देऊ का?"

हा प्रश्न डेंग्यूच्या साथींनी घरोघरी पोचवला आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स विषाणूमुळे उतरतात आणि आजार ओसरला की त्या आपल्या आपण चढतात. श्रेय पपईला मिळतं. केमोनंतर त्या उतरतात, कारण हाडांतल्या मज्जेचं काम काही दिवस मंदावलेलं असतं. तिला सावरायला वेळच द्यावा लागतो आणि आकडा फारच खाली गेला तर प्लेटलेट्स चढवाव्या लागतात. त्यात घरी वाटलेला कच्चा पाला म्हणजे जंतूंना आमंत्रण. हे मी त्याला सांगते, पण नुसतं "नको" म्हणून सोडत नाही. आजींना मऊ ब्रश आणून दे, मुगाची खिचडी तूप घालून गरम गरम खायला घाल, अंडं चालत असेल तर नीट उकडून दे, रात्री त्या उठल्या तर हात धर, पडू देऊ नकोस. त्याचा चेहरा जरा सैल होतो. आई आजारी आहे आणि आपल्या हातात काहीच नाही, ही अवस्था माणसाला सहन होत नाही. घरचे लोक जे रस, काढे, पुड्या शोधत फिरतात, त्यातली निम्मी धडपड या असहायतेपोटी असते. हे ज्याला कळलं नाही, त्यानं या वॉर्डात त्यांना उपदेश करू नये.

नऊ वाजता

खुर्च्या भरायला लागतात. सलाईन लावण्यापूर्वी प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायची हा आमचा नियम. "दुसरं काही घेत नाही ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही, नाही." म्हणून मी विचारते, "आणखी काय काय चालू आहे? सगळे काही ना काही घेतातच. पिशवी आणलीय का?"

जालन्याकडच्या एक मावशी दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅबच्या सलाईनला येतात. स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचा शेक झाला, आता टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू आहे. पिशवी त्यांच्या यजमानांच्या हातात. मी टेबलावर कागद पसरते आणि ते एकेक वस्तू काढून ठेवतात: टॅमॉक्सिफेनची पट्टी, कॅल्शियम, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, गुळवेलीच्या काढ्याची बाटली, लक्ष्मणफळाची वाळलेली पानं आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या राखाडी पावडरीच्या सात पुड्या.

हळदीपासून सुरुवात करते, कारण तिच्याबद्दल बोललं की मराठी माणसाला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. "वरणात, भाजीत, दुधात चिमूटभर हळद खुशाल घाला, मावशी. प्रश्न या कॅप्सूलचा आहे." हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. ते उतरावं म्हणून कंपन्या त्यात मिऱ्यातलं पिपेरिन घालतात. त्यानं रक्तातलं कर्क्युमिन कित्येक पटींनी वाढतं, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ सालीच दाखवलं होतं. पण पिपेरिन एकट्या हळदीचीच वाट मोकळी करत नाही, यकृत ज्या वाटांनी बाकीची औषधं हाताळतं त्यांतही ते ढवळाढवळ करतं. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतात त्याचं एंडॉक्सिफेन होतं आणि खरं काम ते करतं. नेदरलँड्समधल्या रोटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना पिपेरिनसह कर्क्युमिन देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं एंडॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. पाच-दहा वर्षं घ्यायच्या गोळीची ताकद आपण पैसे मोजून कमी करायची, याला काय अर्थ?

गुळवेलीवर यजमान अडतात. "करोनात सगळ्यांनीच घेतली की, ताई." घेतली. त्याच काळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले आणि त्यांनी ते शास्त्रीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. पुढे देशातल्या तेरा केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. लाखोंनी घेतली आणि बहुतेकांना काही झालं नाही, हेही खरं. पण आमच्या रुग्णाचं यकृत आधीच औषधांचं ओझं वाहत असतं. यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलं की ते औषधामुळे, काढ्यामुळे की आजार यकृतात पोचल्यामुळे, हे शोधण्यात उपचारांचे दिवस जातात. लक्ष्मणफळाचंही तेच: कर्करोग बरा करतं असा गाजावाजा, माणसांवरचा पुरावा नाही आणि कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर ते वर्षानुवर्षं खाण्याचा कंपवातासारख्या आजाराशी संबंध आढळलेला.

राखाडी पुड्यांवर नाव नाही, कुणाची सही नाही. अशा पुड्यांत कधी स्टेरॉइड, कधी शिसं किंवा पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. मी त्या फेकत नाही. फेकल्या तर पुढच्या वेळी पिशवी घरीच राहील. फाईलमध्ये नोंद करते, डॉक्टरांना दाखवते आणि यजमानांना सांगते, "ज्यांनी दिल्या त्यांच्याकडून यात काय आहे ते लिहून आणा. लिहून देत नसतील तर ते औषध मावशींच्या पोटात जायला नको." आमच्याकडे आठवड्यातून एकदा आयुर्वेदाचे वैद्य बसतात. ते केमोचा तक्ता बघितल्याशिवाय त्रिफळासुद्धा लिहून देत नाहीत. एकत्र उपचार म्हणायचे तर हे असे, एकाच फाईलमध्ये, दोघांच्या डोळ्यांसमोर.

अकरा

सगळी सलाईन सुरू. कोपऱ्यातल्या खुर्चीवर लिम्फोमाचा एक तरुण मुलगा आहे, त्याला व्हिनक्रिस्टिन चालू आहे. तो विचारतो, "ताई, हे सगळं केमिकलच ना?" मी त्याला खिडकीबाहेरच्या कुंडीतली सदाफुली दाखवते.

१९५२ मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली. तिकडे मधुमेहावर तिचा काढा पीत, आपल्याकडेही पितात. उंदरांच्या साखरेवर काहीच परिणाम दिसला नाही, पण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे हे उपयोगी पडेल, हे नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ओळखलं. त्यातून व्हिनब्लास्टिन आलं, मग एका अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेतून व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही पहिल्या फळीचं औषध आहे. शेजारच्या काकांना आतड्याच्या कर्करोगासाठी आयरिनोटेकन लागतं. त्याचं मूळ द्रव्य कॅम्प्टोथेसिन चीनमधल्या एका झाडात सापडलं आणि आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते भरपूर असतं. म्हणून तर कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड होते. पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीतून आलं.

मग पानंच का नाही खायची? कारण किती मिलिग्रॅम, किती दिवसांनी, कोणत्या शिरेतून, हे ठरवायला माणसांची आयुष्यं खर्ची पडली आहेत. व्हिनक्रिस्टिनचा एका वेळचा डोस एक-दोन मिलिग्रॅमच्या घरातला असतो. तेच औषध चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर जीव जातो. पानात किती आहे, हे पान सांगत नाही.

साडेबारा

बर्फाची वेळ. फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा जलद डोस ज्यांना द्यायचा आहे, त्यांना पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे चघळायला देते. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि फोड कमी येतात. यात खर्च नाही, अपाय नाही आणि पुरावा भक्कम. पण पलीकडच्या खुर्चीतल्या बाईंना ऑक्झॅलिप्लॅटिन चालू आहे. त्यांना बर्फ तर नाहीच, माठातलं पाणीही नको. गारव्यानं त्यांच्या घशात आणि बोटांत सुया टोचल्यासारख्या कळा येतात. एकाला दिलेला सल्ला दुसऱ्यानं उचलायचा नाही, हे मी दर दुपारी मोठ्यानं सांगते.

मळमळीवर आलं चालतं का? चालतं, उलटीच्या गोळ्यांबरोबर. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत रोज अर्धा ते एक ग्रॅम आल्यानं पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली होती. नंतरच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.

दोन

जेवण उरकून योगाच्या ताई येतात. खुर्चीतल्या खुर्चीत खांदे फिरवणं, दीर्घ श्वास, ज्यांचं सलाईन संपलंय त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवणं. योगानं गाठ विरघळते असं त्या कधीही म्हणत नाहीत, म्हणून मला त्या आवडतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची रीतसर चाचणी घेतली, त्यात थकवा आणि वेदना कमी झाल्याचं दिसलं. व्यायामाचा पुरावा तर आता फार पुढे गेला आहे. आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशन आणि केमोनंतर तीन वर्षं शिस्तीत, देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते. फक्त माहितीपत्रक मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. एखाद्या नव्या गोळीनं इतका फरक पाडला असता तर तिची किंमत लाखांत असती.

पावणेचार

ओपीडीतून निरोप येतो, एका रुग्णाची जखम बांधायची आहे. चाळिशीच्या आतबाहेरची बाई. गेल्या वर्षी स्तनात लिंबाएवढी गाठ होती, बगलेपलीकडे आजार नव्हता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. कुणीतरी एका उपचारकाचा पत्ता दिला: चिरफाड नाही, केस जाणार नाहीत, फक्त पथ्य आणि लेप. आता गाठ फुटली आहे. मी मेट्रोनिडाझोलची पूड भुरभुरते म्हणजे वास कमी होईल, न चिकटणारी जाळी ठेवते, हळू हळू बांधते. ती छताकडे बघत राहते. नवरा म्हणतो, "आम्ही चुकलो का, सिस्टर?" मी म्हणते, "दादा, तुम्ही आता आलात, हे चांगलं केलंत." त्या क्षणी दुसरं काही बोलायचं नसतं. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि तरीही असे पत्ते गावोगाव मिळतात, याचा मला अतोनात संताप येतो. तो त्या दोघांवर काढायचा नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली दोन अभ्यास छापले. पहिल्यात, बरा होऊ शकणाऱ्या टप्प्यावर फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीचपट होता, स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटीहून जास्त. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या लोकांनी आधुनिक उपचार सुरू केले होते आणि जोडीला पूरक उपचार घेत होते. तरीही त्यांचा धोका दुप्पट निघाला, कारण पुढे त्यांच्यातल्या एक तृतीयांश लोकांनी केमो नाकारली आणि निम्म्यांहून अधिकांनी रेडिएशन. जोडीला म्हणून घेतलेलं औषध हळूहळू मूळ उपचाराची जागा घेतं, ते असं. म्हणून कुणी रुग्ण "एक सायकल गाळली तर चालेल का?" असं विचारू लागला की मी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवते.

पाच

फिजिओथेरपीत गालाच्या कर्करोगाचे काका तोंड उघडण्याचा व्यायाम करताहेत. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. आज चौदा काड्या बसल्या. घास जाण्यापुरतं तोंड उघडलं की जेवण होतं, जेवण झालं की वजन टिकतं, वजन टिकलं की रेडिएशन मध्येच थांबवावं लागत नाही. गुटखा त्यांनी सोडला आहे, मुलानं अजून नाही.

सहा-साडेसहा

निघता निघता फोन. केमोला दहा दिवस झालेल्या एका बाईंना ताप आहे, १०१. सासूबाई तुळस-मिऱ्याचा काढा उकळताहेत. मी सांगते, काढा राहू द्या, रिक्षा करा, इमर्जन्सीत या, आल्या आल्या "केमो चालू आहे" हे पहिलं वाक्य बोला. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात आणि त्यात पहिलं अँटिबायोटिक तासाभरात मिळणं जिवाच्या मोलाचं असतं.

तुमच्या घरी कुणाचे उपचार चालू असतील तर दोनच गोष्टी करा. थर्मामीटर घरात ठेवा आणि ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असो, सण असो, रुग्णालय गाठा. आणि रुग्ण काय काय घेतो, ते सगळं, पुडीसकट, आपल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना दाखवा. ते रागावले तरी दाखवा.