दगडू, दया आणि ‘कोंडवाडा’

वसतिगृहातील सायंकाळच्या वाचनात आम्ही एकदा दया पवार यांच्या ‘कोंडवाडा’ या संग्रहातील काही कविता वाचावयास घेतल्या. आरंभीच आठवीच्या वर्गातील एका मुलाने विचारले, “सर, कोंडवाडा म्हणजे काय?” ज्यांनी गावी कोंडवाडा पाहिला होता असे आम्ही दोघे-तिघे शिक्षकच उरलो होतो. म्हणून कविता बाजूला ठेवून प्रथम कोंडवाडाच समजावून सांगावा लागला.

दुसऱ्याच्या पिकात शिरलेले अथवा मोकाट फिरणारे जनावर धरून ज्या आवारात डांबून ठेवीत, तो कोंडवाडा. इंग्रजी अमदानीत १८७१ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला की जनावर सुटत असे. आत अडकलेल्या गुराला आपला अपराध ठाऊक नसतो, दाराबाहेर चाललेला व्यवहारही कळत नसतो. या कवीने आपल्या पहिल्याच संग्रहाला हे नाव का दिले असावे, याचा उलगडा मुलांना येथेच अर्धा झाला.

दया पवार यांचा जन्म १९३५ सालचा, अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात धामणगाव येथला. मूळ नाव दगडू मारुती पवार. वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. त्यामुळे बालपणाचा काही काळ नागपाड्याच्या कावाखान्यात, दाटीवाटीच्या वस्तीत गेला आणि उरलेला गावच्या महारवाड्यात. गावात बलुत्याची पद्धत होती. मेलेले ढोर ओढणे, सरकारी कामगारापुढे धावणे, सांगावा पोहोचविणे ही कामे वाट्याला, आणि मोबदला म्हणून खळ्यावर मिळेल ते धान्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले होते. परंतु ते कायद्याने संपुष्टात येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे कवीचे सारे बालपण आणि तारुण्याचा आरंभ या जुन्या व्यवस्थेतच गेला. माध्यमिक शिक्षणासाठी ते संगमनेरला बोर्डिंगमध्ये राहिले. आमच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचा वाटतो तो हा भाग. पत्र्याची पेटी घेऊन घर सोडणे म्हणजे काय, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

पुढे मुंबईस नोकरी लागली ती पशुवैद्यकीय महाविद्यालयात. जनावरांच्या रोगांची नोंद ठेवणाऱ्या जागी बसून हा माणूस माणसांच्या कोंडवाड्याविषयी लिहीत होता, हा योगायोग आम्हांला मोठा बोलका वाटतो. त्यानंतर ते रेल्वेच्या लेखापरीक्षण विभागात गेले.

येथे एका गैरसमजाचा निर्देश करणे अवश्य आहे. ‘बलुतं’ हे आत्मकथन इतके गाजले की, कवितेतील प्रत्येक ओळीचा दाखला त्यात शोधण्याची सवय वाचकांना लागली. वस्तुतः क्रम उलटा आहे. ‘कोंडवाडा’ १९७४ चा, ‘बलुतं’ १९७८ चे. वेदना आधी कवितेतून बोलली आणि तिचा तपशील चार वर्षांनी गद्यात आला. गद्यासाठी तर लेखकाला स्वतःचे दोन भाग करावे लागले : दगडू आपली कहाणी सांगतो आणि शिकून नोकरदार झालेला दया पवार ती ऐकतो. ज्याला लाज वाटते तो आणि ज्याने सोसले तो, असे दोघे समोरासमोर बसल्याखेरीज ती कहाणी सांगताच आली नसती, असे आमचे मत आहे.

कवितेत मात्र कवीने स्वतःला अनेकदा पूर्णपणे बाजूला केले आहे. धरणावर खपणाऱ्या मजूर बाईची त्यांची कविता पाहा. बोलणारी बाई आहे, आणि लय जात्यावरच्या गाण्याची आहे. तिच्या घामाने बांधलेल्या धरणाचे पाणी दुसऱ्यांच्या मळ्यांत खेळते, तिची तहान मात्र तशीच राहते. अकोले तालुक्यातच प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आहे. तेथील पाणी कोणत्या दिशेला जाते, हे त्या मुलखातील माणसाला नकाशात पाहावे लागत नाही. शिवाय कष्टकरी आईच्या आधाराने वाढलेल्या मुलाच्या कानात असा आवाज कायमचा राहिलेला असणारच. अनुभव स्वतःचा, परंतु आवाज दुसऱ्याचा : या कवितेचे बळ आम्हांला यातच दिसते. केवळ “मी सोसले” असे म्हटल्याने कविता होत नाही, हे आमच्या हस्तलिखितासाठी लिहिणाऱ्या मुलांना आम्ही हीच कविता पुढे ठेवून सांगतो. काहींना ते पटते, काही रुसतात.

आपल्या धम्मबांधवांना जवळची वाटावी अशी आणखी एक कविता बुद्धावरची आहे. तीत तथागत लेण्यांतील शिल्पात अथवा मिटल्या डोळ्यांच्या ध्यानात कवीला भेटत नाहीत. ते दिसतात चालताना, बोलताना, दीनदुबळ्यांच्या झोपड्यांकडे जाताना. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा कवी एकवीस वर्षांचा होता. ज्याच्या तारुण्यात बुद्ध असा वस्तीवस्तीत चालत आला, त्याला तो पाषाणात गवसला नाही, याचे आम्हांला नवल वाटत नाही. आमच्या प्रार्थनागृहातील मूर्ती ध्यानस्थच आहे. ही कविता वाचून झाल्यावर एका मुलीने त्या मूर्तीकडे वळून पाहिले आणि विचारले, “मग आपण यांना बसवून का ठेवलंय?”

१९९० साली पद्मश्री मिळालेला हा कवी २० डिसेंबर १९९६ रोजी दिल्लीत निवर्तला. ‘कोंडवाडा’ची आमच्या ग्रंथालयातील एकमेव प्रत आता पार जीर्ण झाली आहे, पाने सुटतात, तरी ती फडताळात क्वचितच सापडते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे जादा प्रत असल्यास ती शाळेस अवश्य द्यावी. आठवीचा तो मुलगा आता दहावीत आहे, आणि सध्याची प्रत गेले तीन आठवडे त्याच्याकडेच आहे.