आजारी मुलाशी खरं बोलू या

जळगाव-धुळे भागात एखाद्या मुलाला कॅन्सर असल्याची शंका आली, की पुढचा रस्ता बऱ्याचदा मुंबईकडे वळतो. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय जळगावपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. आई मुलाला घेऊन मुंबईत, वडील कापूस वेचणीसाठी किंवा केळीच्या बागेसाठी गावी आणि धाकटी बहीण मामाकडे, असं एकच घर तीन ठिकाणी विखुरतं. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, ल्युकेमिया. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. इतक्या लांबच्या वाटेवर बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो असा : ‘पोराला काही कळू द्यायचं नाही.’

हा निर्णय मायेपोटीच घेतला जातो. पण मुलाला कळायचं ते कळतंच. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा जवळून अभ्यास केला. तो १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आला. कोणी काही सांगितलं नसतानाही या मुलांना आपला आजार किती गंभीर आहे हे समजलेलं होतं. डॉक्टरांची कुजबुज, आईचे सुजलेले डोळे, शेजारच्या खाटेवरचा अचानक दिसेनासा झालेला मित्र, यांतून त्यांनी अर्थ लावला होता. आई-बाबांना वाईट वाटू नये म्हणून तीही गप्प राहत. म्हणजे मोठे मुलाला सांभाळत होते आणि मूल मोठ्यांना. भीती मात्र दोघांनाही एकट्याने सोसावी लागत होती.

काय सांगावं?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाटू शकतं, की आपण हट्ट केला, खोटं बोललो, म्हणून ही शिक्षा मिळाली. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही आपली नेहमीची धमकी हा समज पक्का करते. ती आधी बंद करावी. मग सोप्या शब्दांत सांगावं : ‘तुझ्या रक्तात आजार झालाय, त्याला कॅन्सर म्हणतात. तो तुझ्या वागण्यामुळे झालेला नाही. औषधांनी केस जातील, पण नंतर पुन्हा येतील. सुई दुखेल, तेव्हा मी तुझा हात धरून बसेन.’ दुखणार असेल तर ‘काही होत नाही’ म्हणू नये. एकदा विश्वास उडाला, की पुढची प्रत्येक सुई जड जाते.

मोठं मूल ‘मी मरणार का?’ असंही विचारतं. विषय बदलू नये. ‘तुला असं कधी वाटतं?’ असं विचारून आधी ऐकून घ्यावं. उत्तर अवघड वाटलं तर डॉक्टर किंवा समुपदेशकांना सोबत घ्यावं. खरं बोलण्यात आशाही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. कमी उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. उशिरा निदान आणि अर्धवट सुटलेले उपचार ही त्याची मोठी कारणं.

ल्युकेमियाच्या उपचारात स्टेरॉइड असतात. त्यांनी भूक वाढते, चिडचिड होते, रडू येतं. हा औषधाचा परिणाम आहे, पोर बिघडलेलं नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं.

घरच्यांचा आधार

टाटा मेमोरियलमध्ये एकेकाळी पाचातल्या साधारण एका मुलाचे उपचार सुरूच होत नसत किंवा मध्येच सुटत. राहण्याची सोय, पैसा, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा यांची सांगड घातल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. उपचार टिकण्यात घरच्यांच्या आधाराचा वाटा किती मोठा, हे यावरून कळतं. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांची मोफत राहण्याची सोय करते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेल्वेच्या भाड्यातही कॅन्सर रुग्णाला सवलत मिळते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात जाऊन हे सगळं विचारावं.

मामाकडे ठेवलेल्या बहिणीला विसरू नये. ‘दादाला माझ्यामुळे झालं का?’ हा प्रश्न तिच्याही मनात असतो. तिला आजाराचं नाव सांगावं, भावाशी रोज फोनवर बोलू द्यावं. आई-वडिलांनाही रात्री झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, तेही मराठीत.

गाव, नातलग, शाळा यांनीही थोडं जपावं. कॅन्सर संसर्गजन्य नाही. शेजारच्या मुलांना दूर ठेवण्याचं कारण नाही. उलट आजारी मुलाचीच प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून सर्दी-ताप असलेल्यांनी भेटायला जाऊ नये. ‘कोणाची नजर लागली?’ असं विचारण्यापेक्षा डबा पोहोचवावा, पाणी भरायला, वेचणीला हात द्यावा. शिक्षकांनी मूल परतण्याआधी वर्गाशी बोलावं, म्हणजे टोपी ओढून कोणी चिडवणार नाही.

बरं झाल्यावरही पाठपुरावा लागतोच. टाटा मेमोरियलमध्ये अशा मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा ‘उगम’ हा गटही आहे. आज खाटेवर असलेल्या मुलाला अशा एखाद्या दादाशी किंवा ताईशी बोलता आलं, तर बरं होता येतं हे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं.