नेट स्लो आहे की रांग लांब आहे?

घरात कुणीतरी फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावतं आणि त्याच वेळी तुमचा पीएचडीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू अडखळायला लागतो. नंतर स्पीड टेस्ट लावली तर आकडा झकास! मग राउटर बंद-चालू करा, महागडा प्लॅन घ्या, हे सुरू होतं. पण अनेकदा दोष बँडविड्थचा नसतोच, रांगेचा असतो.

पॅकेट बाहेर पडण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, राउटरमध्ये, मोडेममध्ये बफरमध्ये थांबतं. लिनक्समध्ये ईथरनेट कार्डासाठी या रांगेची वर्षानुवर्षं चालत आलेली डीफॉल्ट लांबी आहे १००० पॅकेट. एक पॅकेट १५०० बाइटचं धरलं तर ही रांग झाली १.२ कोटी बिटांची. गिगाबिट लिंकवर ती १२ मिलिसेकंदांत रिकामी होते. तीच रांग १० एमबीपीएसच्या अपलोडमागे उभी राहिली तर १.२ सेकंद! म्हणजे तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या व्हिडिओच्या पॅकेटांमागे सेकंदभर ताटकळणार.

बरं, टीसीपी हे ओळखून हळू का होत नाही? कारण पारंपरिक टीसीपीला गर्दी कळते ती पॅकेट गळल्यावर. मोठा बफर पॅकेट गळूच देत नाही, त्यामुळे पाठवणारा वेग वाढवतच राहतो. मेमरी स्वस्त झाली, बफर फुगले, आणि 'पॅकेट गळणं म्हणजे वाईटच' ही समजूत अंगाशी आली.

२०१० मध्ये जिम गेटिस (एक्स विंडो सिस्टीमच्या मूळ कर्त्यांपैकी एक) घरून मोठी फाईल कॉपी करत असताना त्यांना विलंब सेकंदाच्या वर गेलेला दिसला. त्यांनी तो सोडून न देता मोजला, आणि या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव रुळलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्पीड टेस्ट तोवर वेग मोजत होत्या आणि विलंब मोजलाच तर लाइन रिकामी असताना. भार असतानाचा विलंब फारसं कुणी बघत नव्हतं.

उपाय तर फारच देखणा आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' मांडलं. रांग किती लांब आहे हे ते विचारतच नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं, एवढंच बघतं. तेही सरासरी नव्हे, किमान. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत किमान थांबा सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर रांग तात्पुरती नाही, ठाण मांडून बसलेली आहे. मग पॅकेट टाकायला सुरुवात. सरासरी घेतली असती तर क्षणिक झुंबड आणि कायमची गर्दी यांत फरकच कळला नसता. त्याच वर्षी लिनक्स ३.५ मध्ये 'एफक्यू-कोडेल' आलं. ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं, म्हणून तुमचा कॉल व्हिडिओमागे अडकत नाही.

घरी करून बघा. लॅपटॉप केबलने जोडा, पिंग चालू ठेवा, मोठी फाईल अपलोडला लावा आणि आकडे वहीत लिहा. विलंब २० वरून ४०० मिलिसेकंदांवर वगैरे उडाला तर रांग सापडली. मात्र लॅपटॉपवर एफक्यू-कोडेल असूनही फरक पडला नाही तर गोंधळू नका: रांग लागते ती सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे बहुधा मोडेममध्ये. म्हणून ओपन-डब्ल्यूआरटीसारख्या राउटरवर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवतात. मग रांग मोडेममधून राउटरमध्ये, म्हणजे कोडेलच्या हद्दीत येते.